'समाजस्वास्थ्य' कोर्टाने बंद पाडलं? नाही!

संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणासाठी झटणाऱ्या र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' हे मासिक अश्लील ठरवून कोर्टाने बंद पाडलं, असं वर्षानुवर्षं ठोकून सांगितलं जातं. हे साफ चुकीचं आहे. जुलै १९२७मध्ये सुरू झालेलं हे मासिक १९५३पर्यंत चाललं. थांबलं ते ऑक्टोबर १९५३मध्ये कर्वे गेले म्हणून. त्यानंतर नोव्हेंबरचा एक अंक निघाला, तो शेवटचा.

खटले मात्र खरे. १९३१मध्ये व्यभिचारावरच्या लेखासाठी १०० रुपये दंड झाला. १९३४चा खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा, घरात कुणाला विचारता न येणाऱ्या शंका लोक पत्राने विचारत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरं देत. बचावाला उभे राहिले बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही, लोकांच्या मनातल्या विकृती ज्ञानानेच जातील, हा त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. पण खटला ते हरले. जिंकल्याचं जे सांगतात, तेही चूक. दंड २०० रुपये झाला, मासिकावर बंदी आली नाही.

मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्रं असत, हेही खरं. त्यावरून तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. शरीराची लाज बाळगू नये, ही कर्व्यांची भूमिका. पण चित्रं स्त्रियांचीच का, असं आज कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्तच आहे. एवढ्यावरून आतल्या संततिनियमनाच्या, गुप्तरोगांच्या माहितीला चावट वाङ्मय म्हणणं हा मात्र निव्वळ अन्याय आहे.