एका वर्षाचं सर्टिफिकेट, पण गोष्ट सुरू होते १९६३ पासून

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, गोदामात शिफ्ट करतो आणि शिफ्ट करून ओपन युनिव्हर्सिटीचं, म्हणजे तिकडच्या मुक्त विद्यापीठाचं, इंजिनिअरिंग-डिझाइनकडचं सर्टिफिकेट करतोय. मावशीचा दर फोनला एकच प्रश्न, "म्हणजे आपल्या आयटीआयसारखं का रे?" तिला समजावता समजावता मीच जरा मागचं वाचलं आणि खूपच मजेशीर निघालं, म्हणून लिहितोय.

आधी हिशोब सांगतो. 'सर्टिफिकेट ऑफ हायर एज्युकेशन' म्हणजे १२० क्रेडिट, लेव्हल ४, थोडक्यात तिकडच्या डिग्रीचं पहिलं वर्ष. एका क्रेडिटला १० तास अभ्यास धरतात, म्हणजे १२०० तास झाले. नोकरी करणारे लोक वर्षाला ६० क्रेडिट घेतात आणि तरी आठवड्याचे १६ ते १८ तास जातातच. कॉलेजवाल्यांना हे एक वर्षाचं, आमच्या बंधूंना दोन वर्षांचं.

आता १९६३. त्या एका सालात ब्रिटनमध्ये दोन गोष्टी झाल्या, ज्यांचा एकमेकींशी तसा काही संबंध नव्हता. एक म्हणजे सप्टेंबरमध्ये लेबर पार्टीचे नेते हॅरल्ड विल्सन यांनी ग्लासगोच्या भाषणात 'हवेतलं विद्यापीठ' काढायची कल्पना मांडली, म्हणजे रेडिओ, टीव्ही आणि पोस्ट वापरून घरबसल्या शिक्षण. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. सरकारने नेमलेल्या एका समितीचा इंजिनिअरिंग डिझाइनवरचा रिपोर्ट त्याच वर्षी आला, अध्यक्ष होते फील्डन, जे आधी फ्रँक व्हिटलच्या जेट इंजिनच्या टीममध्ये काम केलेले. रिपोर्टचं रडगाणं असं की आपल्याकडे डिझाइनच्या कामाला मानच नाही, हुशार पोरं गणित आणि सायन्सकडे पळतात, आणि बाहेरच्या देशांची मशिनरी आपल्याच बाजारात येऊन बसते. त्यात मेकॅनिकल डिझाइनची जी व्याख्या केलीय तिच्यात शास्त्राची तत्त्वं आणि तांत्रिक माहिती यांच्या शेजारी चक्क 'कल्पनाशक्ती' हा शब्द बसवलाय. इंजिनिअरच्या सरकारी कागदात!

हे वाचून मला आमचं फर्स्ट इयर आठवलं. इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट, रेषा मारायचा मिनी-ड्राफ्टर, आणि रात्री टेबलावर काच, खाली बल्ब, वर सिनियरची शीट, म्हणजे आपलं ते जगप्रसिद्ध जीटी, ग्लास ट्रेसिंग. चार वर्षांत एकाही माणसाने विचारलं नाही की हा ब्रॅकेट असाच का, वेगळा का नाही. रेषा जाड आली का बारीक, एवढंच.

बरं, विल्सन १९६४ ला पंतप्रधान झाले आणि या हवेतल्या विद्यापीठाची, म्हणजेच पुढच्या ओपन युनिव्हर्सिटीची, जबाबदारी दिली जेनी ली यांच्याकडे. खाणकामगाराची मुलगी, स्वभावाने भारी हट्टी. त्यांचं म्हणणं एकच, प्रवेशाला कसलीही अट नको पण डिग्री मात्र इतर विद्यापीठांच्या तोडीची पाहिजे, गरिबांसाठी म्हणून डाव्या हाताचं काही चालणार नाही. माझ्या मते सगळी गोष्ट या एका हट्टावर उभी आहे. विरोधी पक्षाचे इयन मॅक्लाउड याला निव्वळ मूर्खपणा म्हणाले होते, आणि १९७० ला त्यांचा पक्ष सत्तेत आल्यावर आता हे बंदच पडणार असं वाटत होतं, पण शिक्षणमंत्री झालेल्या मार्गारेट थॅचर यांनी ते चालू ठेवलं. थॅचरबाईंकडून ही अपेक्षा कुणी केली नसती!

सनद मिळाली १९६९ ला, शिकवणं सुरू झालं जानेवारी १९७१ मध्ये, पहिल्याच वर्षी २४-२५ हजार विद्यार्थी. आणि मुहूर्त बघा, त्याच महिन्यात पोस्टाचा देशव्यापी संप लागला तो सात आठवडे, आणि यांचं अख्खं कॉलेज पोस्टावर! तरी तगलं. पहिल्या वर्षी टेक्नॉलॉजी नव्हतीच, तो फाउंडेशन कोर्स १९७२ ला आला. पुस्तकांसोबत प्रयोगाचं सामान पेटीतून घरी यायचं आणि लोक किचनच्या ओट्यावर प्रयोग करायचे. टीव्हीवरचे तास भल्या पहाटे नाहीतर मध्यरात्री, ते थेट २००६ पर्यंत चालले.

आणि इथे त्या दोन गोष्टी भेटतात. १९६२ ला लंडनच्या इंपिरियल कॉलेजात डिझाइनच्या पद्धतींवर एक परिषद झाली होती, ती भरवणाऱ्यांपैकी एक जॉन ख्रिस्तोफर जोन्स, मूळचे इंजिनिअर. तेच पुढे ओपन युनिव्हर्सिटीत डिझाइनचे पहिले प्रोफेसर. गंमत म्हणजे नंतर त्यांनाच त्या साचेबंद पद्धतींचा कंटाळा आला. त्यांच्या पाठोपाठ नायजेल क्रॉस यांनी तिथेच बसून १९८२ ला मांडलं की डिझाइनरची विचार करायची स्वतःची एक रीत असते, ती ना शास्त्रज्ञाची, ना कलाकाराची, आणि ती सगळ्यांना शिकवता येते. म्हणजे ज्या विषयाला मान नाही म्हणून फील्डन रडत होते, तो गोदामात काम करणाऱ्या माणसाच्या घरी पोस्टाने पोचायला लागला.

सर्टिफिकेटला आजची जागा मात्र बरीच उशिरा मिळाली, २००१ च्या आसपास, जेव्हा ब्रिटनने सगळ्या पदव्यांची एक शिडी ठरवली आणि पहिल्या पायरीला हे नाव पक्कं केलं. त्यामुळे मध्येच सोडलं तरी हातात काहीतरी राहतं. आपल्या २०२० च्या शिक्षण धोरणात एक वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायची सोय आहे ती साधारण याच जातीची, आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, तेही या मुक्त विद्यापीठांच्या कुळातलंच.

पैशाचं दुखणं वेगळं. २०१२ ला इंग्लंडमध्ये फीची पद्धत बदलली, ओपन युनिव्हर्सिटीचे १२० क्रेडिट एकदम ५ हजार पौंडांवर गेले आणि पार्टटाइम शिकणारे धडाधड कमी झाले. आमचे बंधू कर्ज काढून करतायत.

परवा त्याने पुठ्ठ्याचा मोबाइल स्टँड करून फोटो कोर्सच्या ऑनलाइन स्टुडिओत टाकला. कुणीतरी खाली लिहिलं, डावखुऱ्या माणसाची केबल कुठून जाणार? हा पठ्ठ्या रात्री दीड वाजता पुठ्ठा कापत बसलेला, आणि मावशी व्हिडिओ कॉलवर विचारतेय, "परीक्षा कधी आहे रे?"