युद्धकालीन भयकथा

इतिहासात नोंद असलेल्या लढाईच्या काळात घडणारी आणि भूत, शाप किंवा मेलेला माणूस परत येणं हाच गाभा असलेली गोष्ट म्हणजे युद्धकालीन भयकथा. नुसती मारकाट असेल तर ती युद्धकथाच राहते.

मूळ कुठलं यावर बराच वाद आहे. युरोपकडे बोट दाखवणारे पॉसानियसपासून सुरुवात करतात. हा ग्रीक प्रवासी इ.स. दुसऱ्या शतकात लिहितो की ग्रीसमधल्या मॅरेथॉनच्या मैदानावर (लढाई इ.स.पू. ४९०) रोज रात्री घोडी खिंकाळतात, माणसं लढताना ऐकू येतात, आणि मुद्दाम बघायला जाणाऱ्याचं बरं होत नाही पण चुकून सापडलेल्याला भुतं काही करत नाहीत (आपल्याकडची म्हातारी माणसं रात्री ओढ्याकडे जाऊ नको म्हणताना हेच सांगतात). पण ही ऐकीव नोंद झाली, गोष्ट नाही. दुसरा पक्ष महाभारताचा. आश्रमवासिक पर्वात व्यास युद्धात मेलेल्यांना एका रात्रीपुरतं गंगेतून वर आणतात, पण तिथं भीती नाही, भेटीगाठीच आहेत. त्यापेक्षा सौप्तिक पर्व जास्त जवळचं वाटतं, कारण तिथं शंकर अश्वत्थाम्याच्या अंगात शिरतो, झोपलेली छावणी कापली जाते आणि मरणाऱ्यांना हातात पाश घेतलेली कालरात्र माणसं ओढून नेताना दिसते, आणि हे त्यांनी आधीपासून रोज स्वप्नात बघितलेलं असतं. महाभारताचा काळ साधारण इ.स.पू. चौथं ते इ.स. चौथं शतक असा सैलच धरतात, त्यामुळे पहिलं कोण हा हट्ट सोडलेला बरा.

आधुनिक काळातला वाद मॉन्सचा. २३ ऑगस्ट १९१४ ला बेल्जियममधल्या मॉन्सला इंग्रज फौज जर्मनांशी लढली आणि मग मागे हटली. २९ सप्टेंबरला आर्थर मॅकन या लेखकाची एक छोटी गोष्ट लंडनच्या पेपरात आली, त्यात जुन्या काळचे तिरंदाज येऊन इंग्रजांना वाचवतात. १९१५ पर्यंत लोक सांगायला लागले की हे खरंच घडलं, फक्त तिरंदाजांचे देवदूत झाले. मॅकन बिचारा सांगत राहिला की मीच रचलंय. हॅरल्ड बेग्बी या पत्रकाराने उलट पुस्तक लिहून शिपायांनी आधीच पाहिलं होतं असा दावा केला. मॅकनच्या गोष्टीआधीचा पक्का पुरावा पुढे आला नाही, त्यामुळे त्याचंच म्हणणं जास्त पटतं.

साताऱ्याकडे या प्रकाराला लागणारा माल भरपूर आहे. अजिंक्यताऱ्याला औरंगजेबाने १६९९ च्या अखेरीस वेढा घातला, १७०० च्या एप्रिलमध्ये सुरुंग उडवले. किल्लेदार प्रयागजी प्रभू भवानीच्या देवळाजवळ ढिगाऱ्याखाली गाडला गेला आणि जिवंत निघाला, तर मोठा सुरुंग उलटून मोगलांचीच २००० च्या वर माणसं मेली, असं ग्रँट डफ १८२६ च्या इतिहासात लिहितो. तो स्वतः साताऱ्यात रेसिडेंट (कंपनी सरकारचा प्रतिनिधी) होता, तरी घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी लिहितोय, म्हणून आकडा जपूनच घ्यावा.

पण खरी खाण पहिल्या महायुद्धाची. इराकमधल्या कूतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या, धान्य संपत आलं तरी कितीतरी हिंदी शिपाई घोड्याचं मांस खायला तयार नव्हते, आणि शरण गेल्यावर कैदेतही खूप मेले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या महायुद्धात मेले असं सांगतात, म्हणून तर ते अपशिंगे मिलिटरी. इंग्रजांनी त्या काळी गावोगाव बसवलेल्या दगडांवर मजकूर साधारण एकच, इतके गेले, इतके मेले. नावं नाहीत. इराकमधल्याच बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचा नुसता आकडा.

आता घरचं बघा. शस्त्राने मेलेल्याचं श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला, तिथी माहीत नसेल तर दुसऱ्या दिवशी सर्वपित्रीला. पण जो मेला का कैदेत आहे हेच कळत नाही त्याचं पान कधी मांडायचं, आणि मांडलं आणि तो दारात उभा राहिला तर? मराठी भयकथेला हवा तो पेच इथंच आहे, त्याला बंदूकसुद्धा लागत नाही. तरी नारायण धारप (१९२५–२००८), रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) या मोठ्या नावांमुळे मराठी भयकथा म्हटलं की वाडा, बंगला, फ्लॅट हेच डोळ्यांसमोर येतं, पलटण नाही.

सांगलीकडे १९४३ ते ४६ चं प्रतिसरकार (इंग्रजांना न जुमानता लोकांनी चालवलेलं सरकार) हा विषय आहे, पण तो स्मरणलेखनातच जास्त येतो. त्याहून जुने वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड) मात्र दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहेत, खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. बऱ्याच ठिकाणी शेंदराचे थर इतके चढलेत की खालची लढाई दिसतच नाही, दगड देव झालाय आणि वीर कोण ते विचारायचं कुणाला सुचत नाही.