सुटलेल्या पट्ट्या काय सांगतात

गवत कापणं सोपं आहे. आपण नेमके कुठे आहोत हे गवत कापणाऱ्या यंत्राला स्वतःचं स्वतः कळणं, हे अवघड. अमेरिकेत १९४५ साली स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ नॅव्हिगेशन’ने २००४ मध्ये ओहायो राज्यात विद्यार्थ्यांसाठी स्वयंचलित लॉनमोअरची स्पर्धा सुरू केली, ती याच कारणाने. ही संस्था दिशादर्शनात काम करते. हिरवळीशी तिचं तसं काही देणंघेणं नाही. स्पर्धेचे नियम असे होते: रिमोटने चालवायचं नाही, आखून दिलेल्या मैदानातलं जास्तीत जास्त गवत कापायचं आणि अडथळ्यांना धक्का लावायचा नाही. वरच्या गटात तर एक अडथळा चालता-फिरता असे.

घरगुती रोबोट बरीच वर्षं जमिनीत पुरलेल्या तारेच्या आत वाटेल तसे भटकत आले. पुरेसा वेळ दिला की सगळं गवत कधीतरी कापलं जातंच. स्पर्धेत तेवढी सवड नसे, म्हणून सरळ आणि समांतर पट्टे मारावे लागत.

मैदान १० मीटर रुंद, १५ मीटर लांब आणि पातं ५० सेंटिमीटरचं धरू. दर फेरीला ४० सेंटिमीटर सरकलं, तर २५ फेऱ्या आणि ३७५ मीटर चाल होते; सेकंदाला एक मीटर वेगाने सव्वासहा मिनिटं, वळणं वेगळी. दोन पट्टे एकमेकांवर फक्त १० सेंटिमीटर चढतात. शेजारच्या फेऱ्या विरुद्ध बाजूंना सरकल्या, तर प्रत्येकीला पाचच सेंटिमीटर चुकायची मुभा. त्यापेक्षा जास्त चुकलं की मधे गवताची पट्टी उभी राहते, आणि पट्टीचा आकार पाहून चूक कुठली ते बरंचसं ओळखता येतं.

पट्टी पाचरीसारखी रुंदावत गेली असेल, तर दिशा चुकली. एका अंशाची चूक १५ मीटरवर २६ सेंटिमीटर होते. पट्टी कमानीसारखी वाकली असेल, तर आधी चाकं तपासावीत. चाकाला जोडलेला सेन्सर, म्हणजे एन्कोडर, चाकाचे फेरे मोजतो, घेर मोजत नाही. एका टायरमध्ये हवा कमी असल्याने दोन्ही चाकांच्या घेरात एक टक्का फरक पडला आणि चाकांमधलं अंतर ५० सेंटिमीटर असलं, तर १५ मीटरमध्ये यंत्र सुमारे १७ अंश वळतं आणि सव्वादोन मीटर बाजूला जातं. एन्कोडरच्या लेखी मात्र ते नाकासमोर चाललेलं असतं! म्हणून भरीव रबरी चाकं बरी. ओल्या गवतावर तीही घसरतात.

एन्कोडरची ही चूक साचत जाते आणि ती पुसायला बाहेरचा संदर्भ लागतो. साध्या जीपीएसची चूक काही मीटरची, त्यामुळे तो इथे निरुपयोगी. आरटीके (रिअल-टाइम किनेमॅटिक) या जीपीएसच्याच जास्त अचूक पद्धतीत जवळच्या ठरावीक जागी दुसरा रिसीव्हर ठेवतात आणि उपग्रहाचा संदेश वाहून आणणाऱ्या रेडिओ लहरीच (वाहक लहरी) मोजतात. एक लहर १९ सेंटिमीटरची. पूर्ण लहरी किती, हे पक्कं झालं की ‘फिक्स’ मिळतो आणि अचूकता एक-दोन सेंटिमीटरवर येते. तोवर ‘फ्लोट’, म्हणजे काही डेसिमीटरची चूक. झाडाखाली किंवा भिंतीजवळ फिक्स सुटतो, पण रिसीव्हर तेवढ्याच दशांश स्थळांचे आकडे देत राहतो. प्रोग्रामने आकड्यांबरोबर ही स्थितीही वाचलीच पाहिजे. फिक्स गेला, तर काही मीटर एन्कोडर आणि जायरोवर (वळण मोजणाऱ्या सेन्सरवर) काढावेत, नाहीतर थांबावं. सगळी पट्टी एकदम बाजूला उडी मारल्यासारखी दिसली, तर संशय इथेच घ्यावा.

अँटेना उंच लावली की आकाश मोकळं दिसतं खरं, पण एक मीटर उंचीवरची अँटेना यंत्र पाच अंश कललं की जवळजवळ नऊ सेंटिमीटर सरकते. वर केलेला सगळा हिशेब त्यात बुडतो. एकतर अँटेना खाली घ्या किंवा कल मोजून दुरुस्ती करा. ती मोटरने फिरणाऱ्या चाकांच्या आसाच्या मध्यावर बसवणं सोयीचं असतं, मात्र जागच्या जागी वळताना ती हलतच नाही, त्यामुळे त्या क्षणी दिशा फक्त जायरो सांगतो. होकायंत्रावर फार भिस्त नको. मोटरचा प्रवाह वाढला की त्याची दिशा फिरते. सुरुवातीची दिशा मिळवायला तीन-चार मीटर सरळ चालवून दोन जागांमधून रेषा काढणं, हा साधा आणि भरवशाचा उपाय.

अडथळे ओळखायला लिडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, लावतात. तो फार खाली लावला तर उंच गवत भिंत वाटतं. फार वर लावला तर फुलांचा वाफा दिसतच नाही. लागोपाठ तीन स्कॅनमध्ये तीच वस्तू दिसली तरच ती खरी मानली, तर खोटे थांबे बरेच कमी होतात.

आणि पातं. ५० सेंटिमीटरचं पातं मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरलं की टोकाचा वेग ताशी २८० किलोमीटरच्या पुढे जातो. म्हणून आणीबाणीचं बटण संगणकाला विचारत बसत नाही. ते रिलेमार्फत (विजेवर चालणाऱ्या स्विचमार्फत) मोटरची वीज थेट तोडतं. बिनतारी बटणाला ‘थांब’ असा संदेश पाठवायला लावू नये. उलट ‘चालू दे’ हा संदेश सतत येत राहावा आणि तो तुटला की यंत्र थांबावं. चाचणी घेताना पातं काढून ठेवा, चाकं ठोकळ्यांवर उचला, मोटर पूर्ण वेगात असताना बिनतारी बटणाच्या ट्रान्समीटरची बॅटरी काढा. बटण दाबल्यावर यंत्र थांबलं, एवढ्याने चाचणी पूर्ण होत नाही.