प्रकाशाला मागे टाकल्याचे दावे आणि घड्याळाचा जमाखर्च

पुण्याच्या पर्वतीवर उभं राहून पौर्णिमेच्या चंद्रावर लेझरचा झोत टाकायचा आणि मनगट जरासं फिरवायचं. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, पण आकाशात तो जेमतेम अर्धा अंश व्यापतो. मनगट सेकंदाला ५० अंश फिरवणं कोणालाही जमेल. तेवढ्या गतीने झोताचा ठिपका चंद्राची एक कड सोडून दुसरी कड सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात गाठतो, म्हणजे वेग सेकंदाला ३,४७,४०० किलोमीटर भरतो. निर्वातात प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर आहे. ठिपका जिंकला, पण प्रकाशाहून जलद काही जात नाही हा नियम मोडला नाही, कारण या कडेवरून त्या कडेला काहीच गेलेलं नाही. दर क्षणी चंद्रावर पडतात ते पुण्याहून नव्याने निघालेले फोटॉन. चंद्राच्या एका कडेवर बसलेल्याला त्या ठिपक्याकरवी दुसऱ्या कडेला निरोप धाडता येणार नाही. मर्यादा आहे ती वस्तू, ऊर्जा आणि निरोप यांच्यावर.

वस्तूला ही मर्यादा कशी अडवते ते जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात दिसतं. त्यात प्रोटॉन शिरतात तेव्हा त्यांची ऊर्जा ४५० गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे कणांची ऊर्जा मोजण्याचं एकक, गिगा म्हणजे शंभर कोटी) असते आणि प्रकाशापेक्षा ते सेकंदाला सुमारे ६५० मीटरने मागे असतात. मग ती ऊर्जा वाढवतात; २०१५ ते २०१८ मध्ये ती ६,५०० गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत, म्हणजे चौदा पटींहून जास्त नेली होती. बदल्यात वेग वाढतो जेमतेम ६५० मीटर! उरलेली तूट सेकंदाला ३ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. गर्दीच्या वेळी लक्ष्मी रस्त्यावर मोटार जेवढ्या वेगाने सरकते तेवढीच. पण ती भरून काढायला लागणारी ऊर्जा अनंत आहे. यंत्र आणखी मोठं बांधलं तर तूट कमी होईल, शून्य होणार नाही.

इथे प्रकाश म्हणजे निर्वातातला प्रकाश, हे विसरलं की गोंधळ होतो. पाण्यात प्रकाश सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो. इलेक्ट्रॉनला सुमारे २.६ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी गतिज ऊर्जा मिळाली की तो पाण्यातल्या प्रकाशाला सहज मागे टाकतो. पाण्यात बुडवलेल्या अणुभट्टीतली निळी चेरेन्कोव्ह झळाळी त्याचीच खूण.

रेडिओ खगोलशास्त्रात मात्र प्रकाशाहून जास्त वेगाचे आकडे नित्याचे आहेत. क्वेसारमधून, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्रातून, उडालेला वायूचा गोळा वर्षानुवर्षं पाहिला, तर तो आकाशात प्रकाशाच्या पाचपट वेगाने सरकताना दिसू शकतो. हिशोब मांडून बघा. समजा, शंभर वर्षांत गोळा आपल्या दिशेने ९६ प्रकाशवर्षं आला आणि आडवा २० प्रकाशवर्षं सरकला. खरा वेग प्रकाशाच्या ९८ टक्के, म्हणजे कायद्यात बसणारा. पण शंभर वर्षांनंतर निघालेल्या प्रकाशाला पहिल्यापेक्षा ९६ प्रकाशवर्षं कमी चालायचं आहे, त्यामुळे तो पहिल्याच्या मागोमाग अवघ्या ४ वर्षांत पोचतो. आपल्याला दिसतं ते असं: ४ वर्षांत २० प्रकाशवर्षं. खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनी हा परिणाम १९६६ मध्येच कागदावर मांडला होता. निरीक्षणं नंतर आली.

याचं सुरेख उदाहरण ऑगस्ट २०१७ चं. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. त्यातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी (अवकाशातच उठणारे तरंग) आणि गॅमा किरण (प्रकाशाचाच अतिऊर्जावान प्रकार) पृथ्वीवर १.७ सेकंदांच्या अंतराने पोचले. एवढ्या प्रवासात एवढाच फरक, म्हणजे दोघांचा वेग सारखाच म्हणायचा. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही या स्फोटाची मागे उरलेली रेडिओ आभा टिपली. त्याच स्फोटातून निघालेला झोत पुढे परदेशातल्या दुर्बिणींच्या जाळ्याने मोजला, तर तो प्रकाशाच्या चौपट वेगाने सरकताना दिसला. घटना एकच, पण चौपटीचा आकडा दृष्टिकोनाचा आणि बरोबरीचा आकडा निसर्गाचा.

जीएमआरटीवर तर वेळेचा असा हिशोब हेच रोजचं काम. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांत पसरल्या आहेत. प्रत्येकीचा संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतो आणि काचेतला प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच जातो. १४ किलोमीटर फायबर ओलांडायला ७० मायक्रोसेकंद लागतात. प्रत्येक तबकडीचा असा उशीर वजा केल्याशिवाय संकेत जुळत नाहीत.

अवकाशाच्या प्रसरणाला ही मर्यादा लागूच नाही. साधारण १,४०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिका आपल्यापासून प्रकाशाहून जलद दूर जातात, पण त्या अवकाशातून धावत नाहीत. क्वांटम गुंत्यातून, म्हणजे दूरदूरच्या कणांच्या मोजमापांत दिसणाऱ्या परस्परसंबंधातून, निरोप जात नाही. राहिले टॅकिऑन. जन्मतःच प्रकाशाहून वेगवान असलेल्या कणांची शक्यता १९६२ मध्ये बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडली. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारणाऱ्या जयंत नारळीकरांनीही सुदर्शन यांच्यासोबत त्यांवर काम केलं. हे कण ऊर्जा गमावतील तसे आणखी जलद होतील. पण काही निरीक्षकांना निरोप निघण्याआधीच पोचलेला दिसेल, हे त्यातलं दुखणं. असा कण आजवर सापडलेला नाही.

सापडल्याचा गाजावाजा सप्टेंबर २०११ मध्ये झाला होता, न्यूट्रिनो या जवळजवळ वस्तुमान नसलेल्या कणांच्या नावाने. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेतून इटलीतल्या ग्रान सासोच्या भूमिगत प्रयोगशाळेपर्यंतच्या ७३० किलोमीटरांत ते प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं ऑपेरा प्रयोगाने जाहीर केलं. तेवढ्या वेळात प्रकाश १८ मीटर जातो. खरं तर १९८७ च्या अतिनवताऱ्याकडे, म्हणजे स्फोट होऊन उजळलेल्या ताऱ्याकडे, पाहूनच संशय यायला हवा होता. न्यूट्रिनो इतके जलद असते, तर तिथून ते प्रकाशाच्या चार वर्षं आधी येते. आले ते काही तास आधी, तेही ताऱ्याच्या गाभ्यातून लवकर सुटल्यामुळे. ऑपेराची गोम फायबरच्या जोडणीत निघाली. जीपीएसची वेळ जमिनीवरून भूमिगत प्रयोगशाळेत ८.३ किलोमीटर फायबरने जायची. तिचा कनेक्टर नीट घट्ट बसलेला नव्हता. संवेदकावर कमी उजेड पडे, ठरलेली पातळी गाठायला उशीर होई आणि खालचं घड्याळ सुमारे ७३ नॅनोसेकंद मागे राही. मागे असलेल्या घड्याळात पाहुणा लवकर आल्यासारखा वाटणारच. घड्याळाच्या दुसऱ्या एका दोषाने उलट दिशेला १५ नॅनोसेकंद खाल्ले होते. मार्च २०१२ मध्ये शेजारच्याच इकारस यंत्राने त्याच झोतातल्या सात न्यूट्रिनोंची वेळ जाहीर केली. ते प्रकाशाच्याच वेळेवर आले होते.