हिमनिवारण, रस्त्यांवरील

हिवाळ्यात रस्त्यावर साचलेले हिम बाजूला सारणे, तसेच पृष्ठभागावर बर्फाचा थर धरू न देणे किंवा धरलेला थर सुटा करणे, या उपायांना ही संज्ञा लावतात. बोलण्यात दोहोंना ‘बर्फ’च म्हणतात, येथे भुसभुशीत ते हिम व घट्ट गोठलेला तो बर्फ असा भेद पाळला आहे, कारण उपाय वेगळे आहेत.

इतिहास : रस्ता मोकळाच करावा, ही कल्पना तुलनेने अलीकडची. ईशान्य अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात घसरगाड्या चालाव्यात म्हणून घोड्यांनी ओढलेल्या लाकडी रुळांनी हिम उलट दाबून पक्के करीत. छप्पर असलेल्या पुलांवर तर बाहेरचे हिम फावड्याने आणून पसरावे लागे. घोड्यांच्या हिमनांगराचा पहिला वापर सामान्यतः मिलवॉकी येथे १८६२ मध्ये झाल्याचे मानतात. फिरत्या पात्यांच्या यंत्राच्या श्रेयाबाबत एकमत नाही. टोराँटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. एलियट यांनी १८६९ मध्ये तशा रचनेचे पेटंट घेतले. मात्र ती रेल्वेमार्गासाठी होती व पुढे ऑरेंज जल यांनी सुधारली. रस्त्यावर चालणारे यंत्र आर्थर सिकार यांनी क्वेबेकमध्ये १९२५ च्या सुमारास बनविले. रस्त्यांपुरते श्रेय त्यांना देणे अधिक सयुक्तिक दिसते.

मीठ : न्यू हँपशर राज्याने १९३८ च्या सुमारास महामार्गांवर मीठ पसरण्याचे प्रयोग केले. मीठ बर्फ ‘तापवीत’ नाही. पृष्ठभागावरील पाण्याच्या पातळ पापुद्र्यात ते विरघळते आणि त्या द्रावणाचा गोठणबिंदू उतरतो. वजनी सु. २३ टक्के मिठाच्या द्रावणाचा गोठणबिंदू सर्वांत खाली, उणे २१° से.पर्यंत जातो, पण व्यवहारात उणे ९–१०° से.खाली मीठ फारसे कामाचे नाही. उणे १° से.ला एक किलो मीठ पंचेचाळीस-पन्नास किलो बर्फ वितळवू शकते, तर उणे १२° से.ला जेमतेम पाच किलो. त्यामुळे हिम पडण्याआधीच खारे पाणी फवारून थर डांबराला चिकटू न देणे किफायतशीर ठरते. अधिक थंडीत कॅल्शियम क्लोराइड वापरतात. वाळूने फक्त पकड मिळते, बर्फ वितळत नाही. क्लोराइडामुळे पुलांच्या सळ्या गंजतात व विहिरी खारावतात.

जपानमधील नागाओका येथे १९६१ पासून रस्त्यात पुरलेल्या नळांतून भूजल शिंपडतात. त्यातील लोहामुळे रस्ते तांबूस झालेले दिसतात.

भारत : हिमालयातील मुख्य अडचण हिमलोटांचे ढीग ही असल्याने तेथे मिठापेक्षा बुलडोझर व हिम कापणाऱ्या यंत्रांवर भर असतो. श्रीनगर–लेह मार्गावरील झोजी ला (सु. ३,५०० मी.; ‘ला’ म्हणजेच खिंड) पूर्वी पाच-सहा महिने बंद राही. सीमा सडक संघटनेचे (स्थापना १९६०) सोनमर्गकडून ‘बीकन’ आणि द्रासकडून ‘विजयक’ असे दोन प्रकल्प समोरासमोर हिम कापत येतात. २०२२ मध्ये खिंड ७३ दिवसांनी, तर २०२३ मध्ये ६८ दिवसांनी उघडली. संघटनेच्या अभियंता दलाचे केंद्र पुण्याजवळ दिघी येथे आहे.