ईगल्सचा २०१७ चा सीझन : बॅकअपवाल्यांनी जिंकलेली ट्रॉफी

अमेरिकन फुटबॉलमधल्या (NFL) फिलाडेल्फिया ईगल्सच्या त्या टायटलचं नाव निघालं की "बॅकअप क्वार्टरबॅकने टॉम ब्रेडीला हरवलं" हे सगळे सांगतात (क्वार्टरबॅक म्हणजे पास फेकून टीमचा हल्ला चालवणारा, बॅकअप म्हणजे त्याच्या जागी ठेवलेला राखीव, आणि ब्रेडी हा पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक) आणि पुढे नशिबावर ढकलून मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही, कारण त्या टीमच्या कोचिंग स्टाफमधेच दोन जण असे होते ज्यांचं अख्खं करिअर दुसऱ्याच्या मागे बेंचवर बसण्यात गेलेलं.

आधी जरा मागचं सांगतो. ईगल्सचं त्याआधीचं शेवटचं टायटल १९६० चं, तेव्हा सुपर बोल (लीगची फायनल) नावाची गोष्टच नव्हती. मग १९८१ मधे फायनलला रेडर्सकडून मार, २००५ मधे पेट्रियट्सकडून ३ पॉइंटनी हार, आणि त्याआधी अँडी रीड हेड कोच असताना तर सलग ३ वर्षं फायनलच्या दारातून परत. फॅन्सचं डोकं म्हणाल तर १९६८ मधे यांनी स्टेडियममधे आलेल्या सांताक्लॉजला बर्फाचे गोळे हाणलेले, सीझन इतका रद्दड चालला होता.

२०१६ ला डग पेडरसन हेड कोच झाला तेव्हा कोणी फार नाचलं नाही. हा माणूस ग्रीन बेमधे ब्रेट फार्वचा बॅकअप, १९९९ मधे ईगल्सकडून थोडे दिवस पहिल्या नंबरवर खेळला तेही डॉनोव्हन मॅकनॅब तयार होईपर्यंत, आणि रिटायर झाल्यावर लुइझियानातल्या एका हायस्कूलच्या टीमला शिकवत होता. त्याचा ऑफेन्स (हल्ल्याची बाजू) बघणारा कोच फ्रँक राइक, तो बफेलोत जिम केलीचा बॅकअप. पण जानेवारी १९९३ मधे केली जखमी असताना यानेच ३-३५ वरून ह्यूस्टनला ४१-३८ हरवून दाखवलेलं. म्हणजे ऐनवेळी मैदानात ढकललेल्या माणसाला काय सांगायचं आणि काय नाही, हे या दोघांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

२०१७ ला गाडी सुसाट होती. पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झ दुसऱ्याच वर्षात ३३ टचडाउन (बॉल समोरच्या गोललाइनपलीकडे नेणं, ६ पॉइंट) पासवर पोचला, जेक इलियट नावाच्या नवख्या किकरने जायंट्सविरुद्ध शेवटच्या सेकंदाला ६१ यार्डांवरून गोल मारला, आणि मग १० डिसेंबरला लॉस एंजेलिसमधे वेन्ट्झच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं (तसल्या गुडघ्यावर पठ्ठ्याने अजून एक टचडाउन फेकला, मग बाहेर गेला). जेसन पीटर्स, डॅरेन स्प्रोल्स हे खेळाडू तर आधीच जखमी होऊन बाद झालेले.

आला बॅकअप क्वार्टरबॅक निक फोल्स. २०१३ मधे याच टीमकडून २७ टचडाउन आणि फक्त २ इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेले पास), नंतर ट्रेड, नंतर रिलीज, २०१६ मधे खेळच सोडायचा विचार, मग कॅन्सस सिटीला रीडकडे एक वर्ष आणि परत फिलाडेल्फिया. पेडरसन त्याला रूकी असल्यापासून ओळखत होता, म्हणून त्याने वेन्ट्झचा प्लॅन फोल्सवर लादला नाही, फोल्सला जमतं आवडतं ते पुढे आणलं. तरी प्लेऑफमधे पहिला सीड (पहिलं मानांकन) असून घरच्या मैदानावर यांनाच अंडरडॉग (कमजोर बाजू) धरलेलं, म्हणून अटलांटाला १५-१० हरवल्यावर ईगल्सचे लेन जॉन्सन आणि ख्रिस लाँग कुत्र्याचे मुखवटे घालून फिरले. मग मिनेसोटाचा ३८-७ असा धुव्वा.

४ फेब्रुवारी २०१८ ची फायनल, मिनियापोलिस, समोर ब्रेडीचे पेट्रियट्स. पहिला हाफ संपायला ३८ सेकंद, ईगल्स १५-१२ ने पुढे, चौथा डाउन (चार प्रयत्नांतला शेवटचा, चुकला तर बॉल समोरच्यांकडे), गोललाइन १ यार्डावर. कोणीही शहाणा कोच इथे किक मारून ३ पॉइंट खिशात टाकतो. पेडरसनने फोल्सनेच सुचवलेला डाव लावला : बॉल थेट कोरी क्लेमेंटकडे, त्याच्याकडून ट्रे बर्टनकडे, आणि बर्टनने फेकलेला पास मोकळ्या उभ्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे फोल्सच्याच हातात. टचडाउन! गंमत म्हणजे थोड्या वेळापूर्वी ब्रेडीला असाच पास आलेला, त्याच्या हातून निसटला. चौथ्या क्वार्टरमधे ३२-३३ ने मागे असताना स्वतःच्या ४५ यार्डांवर परत चौथा डाउन, परत किक नाही, झॅक अर्ट्झला २ यार्डांचा पास. तिथे चुकलं असतं तर मॅच तिथेच संपली असती आणि पेडरसनला शहरात फिरणं मुश्किल झालं असतं. त्याच ड्राइव्हवर अर्ट्झचा टचडाउन आला, ईगल्सच्या ब्रँडन ग्रॅहमने ब्रेडीच्या हातातून बॉल उडवला, शेवटचा स्कोअर ४१-३३, ब्रेडीचे पासचे ५०५ यार्ड गेले पाण्यात.

पुढे राइक लगेच इंडियानापोलिसला हेड कोच म्हणून गेला, फोल्स २०१९ ला जॅक्सनव्हिलला, आणि ट्रॉफीला ३ वर्षं होतायत न होतायत तोच जानेवारी २०२१ मधे पेडरसनला काढलं. वेन्ट्झचं तर तेव्हाच ट्रेड झालं, तेही राइककडेच.