पदावरील राष्ट्रप्रमुखावर दिवाणी दावा : प्रश्न कुठून आला?

पॉला जोन्स यांनी ६ मे १९९४ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावर आर्कान्सातील संघीय न्यायालयात लैंगिक छळाबद्दल सात लाख डॉलरच्या भरपाईचा दावा दाखल केला. तक्रारीतील घटना ८ मे १९९१ची, म्हणजे क्लिंटन त्या राज्याचे गव्हर्नर होते तेव्हाची. दाव्याची मुदत तीन वर्षांची होती. आणखी दोन दिवस गेले असते तर तो मुदतबाह्य ठरला असता. क्लिंटन यांची मागणी मात्र अशी, की मी पदावर आहे तोवर हे प्रकरण थांबवा. राष्ट्रप्रमुखावर दावा लावता येतो का, या चर्चेत शेवटी सगळे इथेच येऊन ठेपते : थांबायचे कोणी, आणि थांबणाऱ्याचा हक्क तोवर जिवंत राहतो का?

जुन्या इंग्लंडमध्ये न्यायालये राजाचीच, त्यामुळे राजाला त्यांच्यासमोर खेचण्याचा प्रश्नच नव्हता. दाद मागायची तर ‘पिटिशन ऑफ राइट’ नावाचा अर्ज राजाकडेच करायचा. ‘न्याय होऊ द्या’ असा शेरा त्यावर पडला की न्यायालय प्रकरण ऐकणार. प्रतिवादीच्या परवानगीने चालणारी ही पद्धत मध्ययुगात सुरू झाली आणि थेट विसाव्या शतकापर्यंत टिकली. १९४७च्या क्राउन प्रोसीडिंग्ज कायद्याने ब्रिटिश सरकारवर थेट दावा लावण्याची सोय केली, पण कलम ४०ने राजाला व्यक्तिशः त्यातून वगळले. खासगी व्यवहारावरूनही ब्रिटनच्या राजावर तिथे आजही दावा लावता येत नाही.

परक्या देशाच्या प्रमुखाचे काय, याचे उत्तर एका मोडलेल्या लग्नाच्या वचनातून मिळाले. मलाय द्वीपकल्पातील जोहोर राज्याचे सुलतान १८८५मध्ये इंग्लंडमध्ये ‘अल्बर्ट बेकर’ या नावाने वावरत होते. त्यांनी आपल्याला लग्नाचे वचन दिले आणि मोडले, असा मिस मिगेल यांचा दावा होता. न्यायालयाने वसाहत खात्याकडे विचारणा केली. जोहोर स्वतंत्र राज्य आहे आणि सुलतान त्याचे सार्वभौम शासक आहेत, असे पत्र आले. खोटे नाव घेतल्याने सार्वभौमत्व सुटत नाही, सुलतान स्वतः न्यायालयाचा अधिकार मान्य करतील तरच दावा चालेल, असा निकाल १८९४च्या या प्रकरणात मिळाला. वचन खरेच दिले होते का, हे तपासण्याची वेळच आली नाही. मला या संरक्षणाची सगळ्यात कठोर बाजू इथे दिसते.

अमेरिकेत राजा नव्हता, त्यामुळे संरक्षणाला वेगळे कारण शोधावे लागले. हवाई दलातील विश्लेषक अर्नेस्ट फिट्झगेराल्ड यांनी सी-५ए मालवाहू विमानावरील वाढीव खर्चाची माहिती १९६८मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीला दिली आणि पुढे त्यांची नोकरी गेली. नोकरी गेली तेव्हा अध्यक्ष असलेल्या रिचर्ड निक्सन यांच्यावर त्यांनी भरपाईचा दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले, की पदाच्या नात्याने केलेल्या कृतीबद्दल अध्यक्षाला भरपाई द्यावी लागणार नाही, पद सोडल्यावरही नाही. कारण असे, की डोक्यावर दाव्यांची टांगती तलवार असेल तर अध्यक्ष निर्भयपणे निर्णय घेऊ शकणार नाही.

हे कारण जोन्स यांच्या प्रकरणाला लागू पडत नव्हते. पदग्रहणापूर्वीच्या खासगी वर्तनाचा अध्यक्षीय निर्णयांशी संबंध काय? २७ मे १९९७ रोजी नऊही न्यायाधीशांनी दावा चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. अध्यक्षांचा फार वेळ यात जाणार नाही, असा अंदाजही निकालपत्रात आहे. पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे : जानेवारी १९९८मध्ये क्लिंटन यांची शपथेवर जबानी, त्यातील उत्तरांवरून वादळ, डिसेंबरमध्ये प्रतिनिधीगृहात महाभियोग, फेब्रुवारी १९९९मध्ये सिनेटमध्ये सुटका. मूळ दावा त्याआधीच, नोव्हेंबर १९९८मध्ये, साडेआठ लाख डॉलरवर मिटला होता. न्यायालयाचा अंदाज साफ चुकला, हे खरे. तरीही निकाल योग्यच होता, असे मला ठामपणे वाटते. जबानीत खोटी उत्तरे दिल्याबद्दल न्यायाधीश सुसान वेबर राइट यांनी क्लिंटन यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरले. गोंधळाचे मूळ त्या उत्तरांत होते. त्याचे खापर दावा लावण्याच्या हक्कावर फोडणे अन्यायाचे आहे.

फ्रान्सने दुसरी वाट धरली. २००७च्या घटनादुरुस्तीनुसार कार्यकाळात अध्यक्षावर कारवाई होत नाही, साक्षीलाही बोलावता येत नाही. पण मुदतीचा काळ तेवढा गोठतो आणि पद सुटल्यावर एक महिन्याने प्रकरण पुढे नेता येते. थांबवायचेच असेल तर निदान असे थांबवावे. बेल्जियममध्ये राजाची व्यक्ती घटनेनेच अनुल्लंघनीय आहे. त्यामुळे डेल्फिन बोएल यांच्या पितृत्वाच्या दाव्याला गती आली ती अल्बर्ट दुसरे यांनी जुलै २०१३मध्ये राजपद सोडल्यानंतर. डीएनए नमुना देईपर्यंत रोज ५,००० युरो दंड, असा आदेश न्यायालयाला काढावा लागला. जानेवारी २०२०मध्ये अल्बर्ट यांनी पितृत्व मान्य केले.

भारतीय घटनेच्या कलम ३६१मधील फरक अनेकदा नजरेतून सुटतो. राष्ट्रपती व राज्यपालांवर पदावर असताना फौजदारी कारवाई करता येत नाही. वैयक्तिक कृत्याबद्दलचा दिवाणी दावा मात्र, कृत्य पदग्रहणापूर्वीचे असो वा नंतरचे, लेखी नोटीस देऊन दोन महिन्यांनी लावता येतो. दाव्याचे स्वरूप, कारण, मागणी आणि दावेदाराचे नाव-पत्ता नोटिशीत हवे. पदाच्या अधिकारात केलेल्या कृतीबद्दल ते व्यक्तिशः कोणत्याही न्यायालयाला उत्तरदायी नसतात.

१९९७च्या निकालाने एक प्रश्न उघडा ठेवला होता : संघीय न्यायालयाला जे करता येते ते राज्याच्या न्यायालयाला करता येईल का? समर झर्व्होस यांनी जानेवारी २०१७मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर न्यूयॉर्कच्या राज्य न्यायालयात बदनामीचा दावा लावला. राज्याच्या अपील न्यायालयाने २०१९मध्ये तो चालू ठेवायला संमती दिली. त्यावरील अपील प्रलंबित असतानाच ट्रम्प यांची पहिली मुदत संपली आणि नोव्हेंबर २०२१मध्ये झर्व्होस यांनी दावा मागे घेतला. त्यामुळे हा प्रश्न घेऊन ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेच नाही.